दीर्घिकासमूहांच्या वजनात काटामारी नाही

आठवडाभर आमच्या सांगलीच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. थोडक्यात मजकूर असा: ‘अब्जावधी प्रकाशवर्षं दूरचे दीर्घिकासमूह तराजूत घातले कोणी? हिशेब जुळेना म्हणून न दिसणारं डार्क मॅटर काढलं, कॉम्प्युटरवर निळा रंग भरून नकाशे छापले. तिकडे जाऊन तपासणार कोण? ही विज्ञानाची काटामारी.’

काटामारी हा शब्द ऊस पिकवणाऱ्या घरात कोणी सहज वापरत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा प्रचंड थवा, आणि अशा अनेक दीर्घिका एकत्र बांधलेल्या असतात तो दीर्घिकासमूह.

आधी तराजू. माझे वडील उसाची ट्रॉली कारखान्यावर न्यायच्या आधी बाहेरच्या वजनकाट्यावर घालायचे. दोन पावत्या समोर ठेवल्या की काटा खरा की खोटा ते कळायचं. दीर्घिकासमूहाला असे तीन काटे आहेत आणि तिन्हींची तत्त्वं वेगळी. पहिला वेगाचा: समूहातल्या दीर्घिका सेकंदाला हजार किलोमीटरच्या आसपास वेगानं फिरतात, तरी पांगत नाहीत. त्यांना धरून ठेवायला किती वस्तुमान लागेल, ते गणितानं निघतं. दुसरा वायूचा: समूहात भरलेला वायू कोट्यवधी अंश तापलेला असतो, त्यातून क्ष-किरण येतात. एवढा तापलेला वायू निसटून जात नाही, म्हणजे ओढ केवढी असेल तेही काढता येतं.

तिसरा काटा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. वस्तुमानाजवळून जाताना प्रकाश वाकतो, मग ते वस्तुमान चमकणारं असो वा नसो. म्हणजे समूह भिंगासारखं काम करतो, आणि त्याच्या पाठीमागची दीर्घिका ताणली जाऊन कमानीसारखी दिसते. एबेल 370 या समूहातली अशी मोठी कमान 1980 च्या दशकातच ओळखली गेली. समूहाच्या कडेला कमानी नसतात, मागच्या दीर्घिका अगदी किंचित ताणलेल्या असतात. शाळूच्या रानात एखादं ताट कसंही वाकलेलं असेल, त्यावरून काही ठरत नाही. पण सगळं रान एका अंगाला झुकलं असेल तर वारा कुठून आला ते बांधावरून सांगता येतं. तशाच हजारो दीर्घिकांच्या आकारांची सरासरी काढतात. त्यातून नुसतं वजन नाही, ते कुठे किती आहे हेही कळतं. वायूचा काटा भिंगाच्या काट्यापेक्षा पुष्कळदा थोडं कमी दाखवतो, हे खरं आहे. वायू पुरता स्थिरावलेला नसतो हे त्याचं एक कारण. पण ताऱ्यांच्या वजनापेक्षा तिन्ही काटे कितीतरी जास्त दाखवतात.

‘हिशेब जुळेना म्हणून काढलं.’ खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांनी 1933 मध्ये कोमा या समूहातल्या दीर्घिकांचे वेग पाहून न दिसणाऱ्या द्रव्याबद्दल लिहिलं. तेव्हा अंतरांची मापं चुकीची होती, त्यामुळे त्यांचा आकडा फार फुगला. तो आज कोणी धरत नाही. पण तूट उरली. पुढे क्ष-किरणांमुळे तापलेला वायू सापडला, तो सगळ्या ताऱ्यांच्या कितीतरी पट भरला. तोही धरला तरी एकूण वजनाचा साधारण सहावा-सातवा हिस्साच होतो.

रंगाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. निळा रंग माणसानेच भरलाय, पावसाच्या नकाशात भरतात तसाच. रंगाखालचं मोजमाप पाहा. बुलेट क्लस्टरमध्ये दोन समूह एकमेकांतून आरपार गेले, वायू धडकून मधे रखडला. वस्तुमान मुख्यतः वायूत असतं तर प्रकाश तिथे जास्त वाकला असता. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत तो वायू सोडून पुढे गेलेल्या दीर्घिकांपाशी जास्त वाकलेला निघाला.

राहिला ‘तपासणार कोण’. नोव्हेंबर 2014 मध्ये हबल या अवकाश दुर्बिणीच्या छायाचित्रांत एकाच ताऱ्याचा स्फोट चार ठिकाणी दिसला. त्याला रेफ्सडाल हे नाव मिळालं. आपल्या आणि त्या ताऱ्याच्या मधे असलेल्या समूहाच्या भिंगानं त्याच्या प्रकाशाला वेगवेगळ्या वाटा दिल्या होत्या. वस्तुमानाच्या नकाशांवरून अनेक गटांनी गणित मांडलं की आणखी एका लांबच्या वाटेनं हाच स्फोट पुन्हा दिसेल, अमुक जागी, साधारण अमुक काळात. हे आधी छापलं गेलं, मग हबल त्या जागेवर लक्ष ठेवून राहिली. 11 डिसेंबर 2015 च्या छायाचित्रात त्या जागी नवा ठिपका होता.