‘दोन नंबर मोठेच द्या’
लहान बाळांच्या बुटांचा व्यवसाय करताना रोज कोणाच्या ना कोणाच्या तोंडून ‘दोन नंबर मोठेच द्या हो दादा, पोर वाढत्या अंगाचं आहे’ हे ऐकावे लागते आणि दर वेळी तितकाच संताप येतो. ज्या बाळाने नुकतेच सोफ्याला धरून पाऊल टाकायला सुरुवात केली आहे, त्याला ढगळ बूट घातला, तर टाच मागून निसटते, पुढचे टोक फरशीला अडते आणि ते बिचारे तोंडावर आपटते. मग दोष मात्र बुटाचा! अंगठ्यापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा पुरते, हे मी बूट दाबून दाखवत असतो, तेवढ्यात आजी तळावर टिचकी मारून ‘हा फारच मऊ आहे’ असा निकाल देतात. वास्तविक त्या वयात तळव्याखाली चरबीची गादी असल्याने पाऊल सपाटच दिसते आणि कमान पुढे काही वर्षांत आपोआप घडत जाते, त्यासाठी कडक तळ लागत नाही. त्यानंतरचा प्रश्नही ठरलेला: ‘वर्षाचा झाला, बूट घातल्यावर चालेल ना?’ जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार निरोगी बाळे साधारण आठव्या ते अठराव्या महिन्यादरम्यान केव्हाही आधाराविना चालू लागतात. तेव्हा घरात त्याला अनवाणीच फिरू द्या, असे मी स्वतःच्या गल्ल्यावर पाणी सोडून सांगतो. त्यावर शांतपणे उत्तर येते, ‘बरं, मग ते पीं-पीं वाजणारे तरी दाखवा.’