श्रीलंकेला उन्हाची कमतरता नाही

‘विषुववृत्ताजवळचा एवढासा देश, वर्षभर ऊन, चारी बाजूंनी समुद्राचा वारा, मग श्रीलंका कोळसा आणि डिझेल विकत घेतेच कशाला?’ असा प्रश्न आमच्या कट्ट्यावर परवा एका स्नेह्यांनी विचारला आणि त्याचे उत्तरही त्यांनीच देऊन टाकले, की राज्यकर्ते नालायक, दुसरे काय! तिथल्या राज्यकर्त्यांविषयी मलाही विशेष आदर नाही, पण नोकरीची बहुतेक वर्षे नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात काढल्यामुळे हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. 2030 पर्यंत 70 टक्के वीज नवीकरणीय स्रोतांतून मिळवण्याचे उद्दिष्ट त्या देशाने जाहीर केलेले आहे. अडचण इच्छेपेक्षा पैशाच्या किमतीची, म्हणजे व्याजाची, जास्त आहे, आणि पैशानंतर ग्रिडची, म्हणजे देशभरच्या वीजवाहिन्यांच्या जाळ्याची आहे.

कोळशाच्या किंवा डिझेलच्या विजेत खर्चाचा मोठा भाग इंधनाचा असतो आणि तो महिन्याच्या महिन्याला भागवता येतो. सौर आणि पवन विजेचा मात्र जवळजवळ सगळा खर्च पहिला युनिट तयार होण्याआधीच करावा लागतो. वर्षाचे धान्य एकदम भरले तर स्वस्त पडते हे प्रत्येक घराला ठाऊक असते, तरी ज्याच्या हाती एकरकमी पैसा नाही तो वाण्याकडून रोज पावकिलो महागच आणतो. गरीब देश महागडे इंधन विकत घेत राहतात, त्यामागे बऱ्याच अंशी हीच मजबुरी असते.

हिशेब करून पाहावा. एक मेगावॉटचा सौर प्रकल्प समजा चार कोटी रुपयांत उभा राहिला आणि त्यातून वर्षाला पंधरा लाख युनिट वीज मिळाली. हे भांडवल 25 वर्षांच्या मुदतीने सात टक्के व्याजाने मिळाले, तर वार्षिक हप्ता साधारण 34 लाखांचा बसतो आणि एका युनिटवर भांडवलाचा बोजा 2 रुपये 30 पैशांच्या आसपास पडतो. व्याज चौदा टक्के झाले, की तोच हप्ता 58 लाखांवर जातो आणि बोजा 3 रुपये 90 पैशांपर्यंत पोहोचतो. पॅनेल तेच, ऊन तेच आणि देखभाल करणारी माणसेही तीच असताना वीज मात्र कितीतरी महाग झालेली असते. श्रीलंकेच्या मध्यवर्ती बँकेने एप्रिल 2022 मध्ये आपला कर्जाचा दर एका झटक्यात सात टक्क्यांनी वाढवून साडेचौदावर नेला होता, आणि सामान्य कर्जदाराला मिळणारे कर्ज त्याहूनही महाग होते. त्याच महिन्याच्या 12 तारखेला देशाने परकीय कर्जाची परतफेड थांबवत असल्याचे जाहीर केले. मार्चच्या सुरुवातीला डॉलरला सुमारे दोनशे श्रीलंकी रुपये पडत होते, ते मे महिन्यात साडेतीनशेच्या पुढे गेले. पॅनेल आणि इन्व्हर्टर डॉलरमध्ये घ्यायचे आणि विजेचे बिल रुपयांत वसूल करायचे, अशा व्यवसायात त्या दिवसांत कोणी उतरले नाही, यात नवल नाही.

यातला खरा विरोधाभास असा, की आयात इंधनाच्या भरवशावर राहिल्याचा फटका त्याच देशाला त्याच वेळी बसत होता. डॉलर संपले म्हणून इंधन संपले आणि मार्च 2022 च्या अखेरीस रोजचे भारनियमन तेरा तासांपर्यंत गेले. म्हणजे ज्या संकटामुळे सौर वीज सर्वांत निकडीची झाली, त्याच संकटाने ती सर्वांत महागही करून ठेवली. आपल्याकडे 3 किलोवॉटच्या छतावरील संचाला केंद्र सरकार 78 हजार रुपयांचे अनुदान देते आणि उरलेल्या रकमेसाठी बँका कर्ज देतात, कारण सरकारची आणि बँकेची पत शाबूत आहे. पाथर्डी फाट्यावरच्या एखाद्या बंगल्याच्या गच्चीवर पॅनेल दिसतात, त्यामागे मालकाच्या हौसेइतकीच ही पतही असते.

आर्थिक पतीचा प्रश्न वीज घेणाऱ्याच्या बाबतीतही येतो. श्रीलंकेत तेव्हा सगळी वीज विकत घेणारी संस्था एकच होती, सिलोन इलेक्ट्रिसिटी बोर्ड हे वीज मंडळ, आणि संकटाच्या काळात तिने लहान जलविद्युत आणि इतर नवीकरणीय प्रकल्पांची देणी महिनोन्‌महिने थकवली होती. प्रकल्प उभा असणे आणि तो चालणे यांत किती अंतर असते, हे नाशिककरांना वेगळे सांगायला नको. सिन्नरजवळचा 1350 मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प यंत्रसामग्रीसह उभा राहूनही कोळशाचा रेल्वेमार्ग आणि वीजखरेदीचा करार नसल्याने वर्षानुवर्षे बंद राहिला, हे आपण पाहिलेले आहे. श्रीलंकेतल्या मन्नारचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. तिथे आशियाई विकास बँकेच्या कर्जातून 103.5 मेगावॉटचा पवन प्रकल्प उभा राहिला आणि तो चालतो आहे. त्याच मन्नारला आणि पूनेरीनला मिळून 484 मेगावॉटची पवनचक्की उभारण्यासाठी पुढे आलेल्या अदानी ग्रीनने मात्र फेब्रुवारी 2025 मध्ये माघार घेतली, कारण नव्या सरकारला ठरलेला दर पुन्हा ठरवायचा होता. स्थलांतरित पक्ष्यांच्या मार्गावरून न्यायालयीन वादही चालू होते. माझ्या मते दर महाग आहे असे म्हणण्याचा त्या सरकारला पूर्ण अधिकार होता, पण ठरलेला दर नंतर बदलू पाहणाऱ्या देशाला पुढचा गुंतवणूकदार त्या धोक्याची किंमत लावल्याशिवाय राहत नाही.

आता ग्रिडकडे वळतो, कारण हा भाग बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. 9 फेब्रुवारी 2025 रोजी, रविवारी सकाळी अकराच्या सुमारास, पानदुरा येथील उपकेंद्रात एक माकड विद्युत यंत्रणेच्या संपर्कात आले आणि संपूर्ण देशाची वीज गेली. जगभर त्या माकडाची चेष्टा झाली. माकडे आपल्या उपकेंद्रांतही शिरतात, पण त्यामुळे सगळा भारत अंधारात जात नाही. त्या दिवशी सुटी असल्याने मागणी कमी होती, उलट सौर वीज भरपूर होती आणि वेगाने फिरणारे अवजड टर्बाइन कमी संख्येने चालू होते. असे टर्बाइन आपल्या वजनामुळे वारंवारतेला, म्हणजे विजेच्या दर सेकंदाच्या आवर्तनांना, क्षणभर आधार देतात, धक्का सोसतात आणि बाकीच्या यंत्रणेला सावरायला वेळ देतात. छतांवरच्या साध्या इन्व्हर्टरकडून तो आधार मिळत नाही, उलट वारंवारता ढळली की तेही झटपट बाजूला होतात. त्यातच कोळशावर चालणारे नोरोच्चोलाईचे 900 मेगावॉटचे केंद्रही बंद पडले आणि पुढचे काही दिवस लोकांना आळीपाळीने भारनियमन सोसावे लागले.

31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर–सोलापूर ही 765 केव्हीची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिण भारताचे ग्रिड उर्वरित देशाशी एकजीव झाले. तेव्हापासून चेन्नईतला मिक्सर आणि गुवाहाटीतला पंखा एकाच वारंवारतेच्या विजेवर चालतो. एका महाराष्ट्राची कमाल मागणी पंचवीस हजार मेगावॉटच्या पुढे जाते, श्रीलंकेची तीन हजारांच्याही आत आहे. आपल्याकडे दुपारी राजस्थानात जास्तीची सौर वीज तयार झाली तर ती शेकडो किलोमीटरवर कुठेतरी खपते. श्रीलंकेला ती खपवायला शेजारच नाही. म्हणूनच एप्रिल 2025 मध्ये सिंहली-तमिळ नववर्षाच्या सुट्ट्यांत तिथल्या वीज मंडळाला छतांवरचे सौर संच दिवसा स्वेच्छेने बंद ठेवण्याची विनंती ग्राहकांना करावी लागली. ज्याने कर्ज काढून पॅनेल बसवले, त्याला ऐन उन्हात ती बंद ठेवायला सांगायची वेळ येते, हे मला फार गंभीर वाटते, आणि त्याचा दोष त्या ग्राहकाला देता येत नाही.

धरणे आहेत, मग दुपारी पाणी राखून ठेवून संध्याकाळी जनित्रे चालवावीत, असा सल्ला सहज दिला जातो. तो चुकीचा नाही, पण पाण्यावर आधी भातशेतीचा हक्क आहे. ऑगस्ट 2023 मध्ये उडवलवेच्या शेतकऱ्यांना उभ्या पिकासाठी समनलवेवा धरणाचे पाणी हवे होते आणि वीज मंडळाला ते दक्षिणेच्या विजेसाठी राखायचे होते. अखेर मंत्रिमंडळाला शेतीच्या बाजूने निर्णय घ्यावा लागला. गंगापूर-दारणेतून जायकवाडीला पाणी सोडताना दर तुटीच्या वर्षी आपल्याकडे जे होते ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या निर्णयाची अपरिहार्यता समजेल.

मग उरतात बॅटऱ्या, आणि बॅटरी म्हणजे पुन्हा पहिल्या दिवशीचे भांडवल. तरीही मंडळाने छतावरील नव्या संचांचे खरेदीदर नुसते कमी करण्याऐवजी, दुपारच्या युनिटला कमी आणि संध्याकाळी बॅटरीतून दिलेल्या युनिटला ठळकपणे जास्त दर द्यावा, असे मला वाटते. आतापर्यंतच्या योजनेचा लाभ मुख्यतः स्वतःचे पक्के छत असणाऱ्यांना झाला. त्यांची बिले घटल्याने वाहिन्यांचा आणि रोहित्रांचा स्थिर खर्च भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांकडे सरकला. सुखवस्तू ग्राहकाने बॅटरीचाही भार उचलावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

दुसरा उपाय भारताशी समुद्राखालून केबलने जोडून घेण्याचा. त्याची चर्चा फार जुनी आहे आणि एप्रिल 2025 मध्ये त्यासाठी सामंजस्य करारही झाला. अभियंता म्हणून विचाराल तर ही केबल मला बॅटरीहूनही आधी हवी, कारण तिच्यामुळे रविवारची दुपार विकता येईल आणि दुष्काळातली संध्याकाळ विकत घेता येईल. मात्र कोलंबोतील लोक तिच्याकडे संशयाने पाहत असतील, तर त्यांना मी वेडे म्हणणार नाही. नेपाळला नोव्हेंबर 2021 मध्ये भारताच्या वीज बाजारात वीज विकण्याची परवानगी मिळाली, ती सुरुवातीला 39 मेगावॉटची आणि भारताच्या मदतीने बांधलेल्या केंद्रांपुरती होती. ज्या प्रकल्पांत चिनी गुंतवणूक आहे त्यांची वीज आपण घेत नाही. आपल्या दृष्टीने त्यामागे कारणे असतील, पण नोरोच्चोलाईचे केंद्रच चिनी कर्जातून बांधलेल्या देशाने ही अट वाचली असणारच. म्हणून कोणती वीज चालेल, कोणत्या दराने आणि वाद झाला तर तो कुठे सोडवायचा, हे केबल टाकण्याआधी लिहून देणे दिल्लीचे काम आहे.