मार्सेलिसला स्मारक हवंय? मग आधी लेटरहेड छापा

तर सावरकरांनी बोटीवरून समुद्रात उडी मारली, त्या फ्रान्समधल्या मार्सेलिसला त्यांचं स्मारक उभारायचं तुम्ही मनावर घेतलंत. छान केलंत, नाशिककराला हे शोभतंच. आता सगळ्यात आधी लेटरहेड छापून घ्या. अध्यक्ष एक, कार्याध्यक्ष तीन, आणि जे रुसतील ते मार्गदर्शक.

मग निवेदन. कागद एकच असला तरी फोटोत तो अकरा जणांनी धरलेला दिसला पाहिजे. मागच्या रांगेतल्याने पुढच्याच्या बगलेखालून हात घालून निदान करंगळी तरी टेकवावी. मी एकदा अशा फोटोत होतो. पेपरात माझी फक्त करंगळी आली. कात्रण जपून ठेवलंय. निवेदनातला मजकूर मात्र तपासत बसू नका. उडीच्या तारखेत ८ जुलै १९१० च्या जागी १९०१ छापलं गेलं तरी साहेब कुठे वाचतायत!

खरा घोळ पुतळ्यात आहे. कैदी म्हणून हिंदुस्थानात नेणाऱ्या मोरिया बोटीच्या शौचकूपाच्या खिडकीतून अंग चोरून निसटलेला, निथळत धक्क्यावर चढणारा सत्तावीस वर्षांचा तरुण, असं काहीतरी शिल्पकार सुचवेल. ऐकू नका. काळी टोपी आणि चष्मा नसला तर ओळखणार कोण? टोपी घालून समुद्रात उडी मारली का, असं विचारणाऱ्याला समितीतून काढा. पुढे फ्रेंच पोलिसाने त्यांना परत इंग्रजांच्या हवाली केलं, प्रकरण हेगच्या लवादापुढे गेलं, फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल इंग्रजांच्या बाजूने लागला, हे कोनशिलेवर घ्यायला जागा नाही. तिथे आपली नावं आहेत.

लंडनकर इथेच चुकले. हायगेटमधल्या ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यूवर, म्हणजे श्यामजी कृष्ण वर्मांच्या इंडिया हाउसवर, १९८५ साली तिथल्या कौन्सिलने निळी गोल पाटी लावली. सावरकरांचं नाव, जन्ममृत्यूची सालं, भारतीय देशभक्त आणि तत्त्वज्ञ, इथे राहत होते. झालं! कोणाच्या शुभहस्ते, कोणाच्या अथक प्रयत्नांतून, सौजन्य कोणाचं, काही पत्ताच नाही.

पाहणी दौरा तर लागेलच. मार्सेलिस एक दिवस, उरलेले स्वित्झर्लंड. एखादा म्हणेल, आधी भगूरचा वाडा तरी बघू, देवळालीच्या पलीकडेच तर आहे. त्याला हो म्हणा आणि तारीख देऊ नका.

राहिली पुढची बैठक. ती मैदानावर ठेवा, अनंत कान्हेऱ्यांचं नाव दिलेल्या. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात 'शारदा' नाटकाच्या वेळी त्या कोवळ्या पोराने कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. पिस्तूल सावरकरांनी लंडनहून धाडलेल्यांपैकी. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे आणि देशपांडे फासावर गेले, आणि जॅक्सनच्या खुनाला मदत केल्याचाही आरोप ठेवून सावरकरांना मोरियावर चढवलं गेलं. म्हणजे मार्सेलिसच्या उडीचा रस्ता आपल्या गावातूनच जातो. पण ग्रुपवर पत्ता टाकताना 'हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान' एवढंच लिहू नका. मागच्या खेपेला आम्ही तसं लिहिलं, तर दोन कार्याध्यक्ष फोन करून विचारत होते, "अहो, हे नेमकं आलं कुठे?"

सरळ 'गोल्फ क्लब' लिहा. रिक्षावालाही बरोबर आणून सोडतो.