कट्ट्यावर थिओडोर रूझवेल्ट

अमेरिकेच्या अध्यक्षांच्या परवाच्या बातमीवरून सुरू झालेले बोलणे आमच्या कट्ट्याच्या रीतीप्रमाणे आजच्या अध्यक्षांना बाजूला सारून १९०१ ते १९०९ या काळातले अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यावर आले. सोसायटीचे तहहयात सेक्रेटरी वसंतराव यांना खंबीर माणसाचे भारी वेड. लहानपणीचा दमा, १८८४ मध्ये एकाच दिवशी एकाच घरात झालेले आई आणि पत्नीचे मृत्यू, आधीचे अध्यक्ष मॅकिन्ली यांच्या हत्येनंतर बेचाळिसाव्या वर्षी आलेले अध्यक्षपद आणि १९१२ मध्ये छातीत गोळी घेऊन ठोकलेले भाषण, हे सारे त्यांनी असे सांगितले, जणू रूझवेल्ट त्यांच्याच बाकावर बसत असे.

“मक्तेदारांना कोर्टात खेचणारा असा एक तरी दाखवा!” त्यांनी मांडीवर थाप मारली.

कामगार न्यायालयात हयात घालवलेल्या नलूताई शांतपणे म्हणाल्या, “नॉर्दर्न सिक्युरिटीज या रेल्वेतल्या मक्तेदार कंपनीविरुद्धचा खटला त्याने १९०४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकला, पाच विरुद्ध चार मतांनी का होईना, आणि मांसाच्या तपासणीचा कायदा १९०६ मध्ये केला, हे मान्य. पण त्याच वर्षी टेक्सासमधल्या ब्राउन्सव्हिल गावातल्या गोळीबाराचा ठपका ठेवून १६७ कृष्णवर्णीय सैनिकांना त्याने खटल्याविना लष्करातून काढले आणि मतदान उरकेपर्यंत तो हुकूम जाहीर होऊ दिला नाही. मांसाची तपासणी झाली, वसंतराव, माणसांची राहिली.”

“राज्य चालवायला शिस्त लागते!”

“लागते ना. म्हणूनच पार्किंगच्या दंडाची नोटीस तुम्ही सर्वसाधारण सभा आटोपल्यावर लावता.”

वसंतराव सावरण्याआधीच नलूताईंनी पुढचे काढले. जानेवारी १९०९ मध्ये वॉशिंग्टनच्या भाषणात या सुधारकाने भारतातल्या इंग्रजी राज्याचे गुणगान केले, तेव्हा टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. दर १ ऑगस्टला टिळकांच्या तसबिरीला हार घालणारे वसंतराव यावर चष्मा पुसू लागले.

तरीही १९०२ च्या कोळसा खाणींच्या संपाची गोष्ट नलूताईंनी खुशीत सांगितली. लवाद आयोगावर कामगार संघटनेचा माणूस चालणार नाही, असे मालक अडून बसले होते. तेव्हा नामवंत समाजशास्त्रज्ञासाठी राखलेल्या जागेवर रूझवेल्टने चक्क रेल्वे कंडक्टरांच्या संघटनेचा प्रमुख बसवला आणि मालकांनी तो निमूटपणे मान्य केला. कामगारांना दहा टक्के पगारवाढ मिळाली, संघटनेला मान्यता मात्र मिळाली नाही.

एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले गणपतराव इतका वेळ शेंगा सोलत होते.

“म्हणजे मी समाजशास्त्रज्ञच की! वसंतराव, मिसरूड फुटलेल्या चिरंजीवांचे अर्धे तिकीट मागत होतात, तेव्हा तुम्ही माझा अभ्यास मान्य केला नव्हता.”

“तो अंगाने थोराड होता!” वसंतराव ओरडले, पण तोवर नलूताईंसकट सगळा कट्टा हसत सुटला होता आणि चहाचे पैसे शिस्तप्रिय माणसानेच द्यावेत, असा ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाला.