‘फटके दिल्याशिवाय कुत्रं शिकत नाही’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

घरात शी-शू करणाऱ्या कुत्र्याच्या सवयीवरचा लेख वाचून तुम्ही चिडून लिहिलंत, पण लिहिताना बारीकसारीक गोष्टी नोंदवल्यात. त्यांचाच आधार घेऊन उत्तर देतोय, म्हणून ते लांबलंय.

बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं. कुत्रा अकरा महिन्यांचा, नर. लेखात सांगितल्याप्रमाणे तीन आठवडे बाहेर नेलं, घरी आल्यावर डब्यातलं बिस्किटही दिलं, तरी ढिम्म फरक नाही. बाहेर अर्धा तास फिरवलं तरी तो काही करत नाही आणि घरात पाऊल टाकलं की पाच मिनिटांत आतल्या खोलीत, पलंगामागे जाऊन शू करतो. तुम्ही खोलीत शिरलात की कान पाडून, मान खाली घालून बसतो, म्हणजे त्याला चूक कळते आणि तरी तो मुद्दाम करतो. आधीच्या कुत्र्यांचं नाक त्या जागी घासलं, दोन फटके दिले की ती सुधारायची. यालाही तेच करता. फिनाईलने जागा रोज पुसता. आणि दर दोन तासांनी बाहेर नेण्याचा सल्ला नोकरी करणाऱ्या माणसाच्या कामाचा नाही.

शेवटच्या मुद्द्यावर तुमचं बरोबर आहे, त्याकडे येतो. पण आधी मुख्य गोष्ट. बाहेर रोखून धरायचं आणि घरात येऊन तुमच्या नजरेआड मोकळं व्हायचं, हे जे तुम्ही वर्णन केलंय ते फटके कमी पडल्याचं लक्षण नाही. फटक्यांनी त्याला शिकवलेलं आहे ते हेच.

त्याच्या जागी उभं राहून बघा. पलंगामागे शू केली, पोटाखालचा ताण गेला, बरं वाटलं. बक्षीस तिथल्या तिथे मिळालं. वीस मिनिटांनी तुम्ही आलात आणि मानेला धरून त्याला त्या ओलीपाशी नेलंत. आपण काय केलं आणि त्याचं काय झालं, यात एक-दोन सेकंदांहून जास्त अंतर पडलं की कुत्र्याला दोन्हींचा संबंध लावता येत नाही. त्याला एवढंच कळतं की लादीवर ओल असली आणि माणूस आला की आपली धडगत नाही. करताना पकडून मारलंत तरी ‘घरात करायचं नाही’ असा अर्थ तो काढत नाही. ‘माणसासमोर करायचं नाही’ असा काढतो. मग बाहेर पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला, चार फुटांवर तोच माणूस उभा असताना तो पाय कसा वर करेल? तो धरून ठेवतो. घरी आल्यावर पट्टा सुटतो, तुम्ही चपला काढता, तेवढ्यात तो सगळ्यांत आडोशाची जागा गाठतो. त्याच्या हिशेबाने तो शहाण्यासारखा वागतोय.

आता ती खाली घातलेली मान. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या संशोधक बाईंनी 2009 साली नेमका याच चेहऱ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. मालकाने ‘खायचं नाही’ म्हणून बजावलेला खाऊ कुत्र्यासमोर ठेवायचा, मालकाने बाहेर जायचं, आणि परतल्यावर कुत्र्याने तो खाल्ला की नाही हे मालकाला कधी खरं तर कधी खोटं सांगायचं. अपराधी चेहरा कुत्र्याने खाऊ खाल्ला होता की नव्हता यावर ठरत नव्हता. मालक रागावतो की नाही यावर ठरत होता. न खाल्लेल्या आणि तरी बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांमध्ये तो जास्तच ठळक होता. म्हणजे तुमचा कुत्रा कबुली देत नाहीये. तुमच्या पावलांचा आवाज आणि आवळलेला जबडा ओळखून ‘मला मारू नका’ म्हणतोय. आणि ‘मुद्दाम’ म्हणाल, तर कुत्र्याच्या जगात मूत्राचा वास ही घाण नाही, ओळख आहे. अपमान करायला तो ते वापरणार नाही.

आधीची कुत्री शिकली, ती बहुधा वाढत्या वयाने आणि अंगणात मोकळी जायला मिळाल्याने. पाच-सहा महिन्यांच्या आसपास मूत्राशयावरचा ताबा आपोआप वाढतो, आणि आपण श्रेय फटक्यांना देतो.

तेव्हा आजपासून नाक घासणं, ओरडणं, वर्तमानपत्राची सुरळी, सगळं बंद. पलंगामागून ओढून काढताना तो जागीच थोडी शू सोडत असेल, तर ती भीतीने सुटलेली असते. तिच्यासाठी तो कधीच जबाबदार नसतो. अशा वेळी वाकून अंगावर जाऊ नका, थोडं बाजूला वळून उकिडवे बसा आणि त्याला स्वतःहून येऊ द्या.

पुढचं करण्याआधी दोन गोष्टी बघून घ्या. पहिली, डाग कुठे आहे आणि केवढा. पलंगाच्या पायावर, जमिनीपासून वीतभर उंच ओघळ आणि एकूण चमचा-दोन चमचेच शू असेल, तर ते मूत्राशय रिकामं करणं नव्हे, आपल्या वासाची खूण करणं आहे. अकरा महिन्यांच्या नरात हे अगदी वयाला धरून आहे. नसबंदीने बऱ्याच नरांत ते कमी होतं, सगळ्यांत थांबत नाही, आणि सवय मुरलेली असेल तर शिकवणी वेगळी द्यावीच लागते. पोटाला बांधायचा, शू शोषून घेणारा पट्टा लादी वाचवतो, सवय मोडत नाही. ओला झाल्यावर तसाच राहिला तर कातडी सोलवटते. लादीवर मोठं थारोळं असेल तर तो खरोखर तुंबलेला होता, आणि खालचं सगळं त्याच्यासाठी आहे. तुमच्या वर्णनावरून मला हेच वाटतं.

दुसरी, तब्येत. तो पाणी किती पितो ते एक दिवस मोजा: सकाळी मापून पाणी ठेवा, दुसऱ्या सकाळी उरलेलं मोजा, दिवसात घातलेलं धरून वजाबाकी करा. दर किलो वजनामागे 100 मिलीलिटरच्या वर जात असेल, म्हणजे 20 किलोच्या कुत्र्याला 2 लिटरहून जास्त, तर डॉक्टरांकडे जा. झोपेत अंथरूण ओलं होणं, थोडीथोडी वारंवार होणं, लाल छटा दिसणं, ही तपासणीचीच कारणं. स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू असतील तर शू वाढणारच. लघवीचा नमुना घ्यायला लांब दांड्याची स्वच्छ पळी सगळ्यांत सोयीची: सकाळची पहिली धार सुरू झाली की मागून हळूच पुढे सरकवायची, झाकणाच्या बाटलीत ओतायची, आणि तासाभरात देता येत नसेल तर फ्रीजमध्ये ठेवायची. नर कुत्रा जोर करतोय आणि थेंबही येत नाहीये असं दिसलं, तर उद्याची वाट पाहू नका. त्याच तासाला निघा.

हे स्वच्छ निघालं की मग शिकवणी. पट्टा लांब घ्या, निदान तीन-चार मीटरचा. भीती बसलेल्या कुत्र्याला अंतर लागतं. अर्धा तास फिरवू नका. चालताना तो वास घेत राहतो, नवनवीन गोष्टी बघतो, आणि शू राहून जाते. एकच कोपरा ठरवा, शक्यतो गवताचा किंवा मातीचा, वर्दळ नसलेला. घरातली शू टिपलेलं फडकं तिथे नेऊन ठेवा. उभे राहा, अंग थोडं तिरकं, नजर दुसरीकडे, फोनवरही बोलू नका. दहा मिनिटं. तो गोल फिरायला लागला, नाक जमिनीला चिकटलं, की श्वाससुद्धा मोठ्याने नको. धार सुरू असताना ‘शाब्बास’ म्हणालात तर तो अर्धवट थांबवून तुमच्याकडे पळत येतो आणि उरलेली अर्धी घरात होते. धार संपू द्या, पाय खाली टेकू द्या, आणि मग दोन सेकंदांच्या आत, त्याच जागी, खाऊ तोंडाशी.

लेखात माझं इथेच चुकलं. ‘बाहेर केलं की खाऊ द्या’ एवढंच लिहिलं. कुठे आणि किती सेकंदांत ते लिहिलं नाही. तुम्ही घरी येऊन डब्यातलं बिस्किट देता, तेव्हा तुम्ही त्याला घरी येण्याचं बक्षीस देता. तीन आठवडे त्याने तेवढंच शिकलंय. खाऊ खिशात हवा, नखाएवढ्या तुकड्यांत, आणि एरवी न मिळणारा. उकडलेल्या चिकनचे रेषे चालतील, रोजचं बिस्किट नको.

आणि केल्यावर लगेच घरी वळू नका. शू झाली की मजा संपते हे कुत्री फार पटकन ओळखतात, आणि फिरणं लांबवायला धरून ठेवायला लागतात. क्रम उलटा करा: आधी कोपरा, शू, खाऊ, आणि मग फिरणं.

दहा मिनिटांत काहीच झालं नाही तर? सगळी मेहनत याच वेळेवर अवलंबून आहे. घरी या, पण पट्टा सोडू नका. तो कमरेला बांधा आणि त्याला दीड मीटरच्या आत ठेवून आपली कामं करा. किंवा सवयीचा असेल तर पिंजऱ्यात ठेवा. पिंजरा उभं राहता येईल, वळता येईल, पाय पसरून झोपता येईल एवढाच. मोठा असला की एका कोपऱ्याचं शौचालय होतं. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा त्याच कोपऱ्यावर. पुन्हा नाही? पुन्हा कमरेला. पहिल्या दिवशी चार-पाच फेऱ्या होतील, म्हणून सुट्टीचा दिवस निवडा. ती पहिली शू बाहेर, तुमच्या डोळ्यांसमोर होऊन तिच्यावर खाऊ मिळाला, की दुसरी सोपी जाते. कमरेला बांधलेला असताना घरातच सुरू झाला तर ओरडू नका, ‘चल चल चल’ म्हणत लगबगीने बाहेर न्या. तो दचकून दबला, तर तुमचा आवाज मोठा होता.

आतल्या खोलीचं दार मात्र बंद. चार आठवडे घरात एकही थेंब नाही असं झाल्यावरच उघडायचं, तेही पहिले काही दिवस तुम्ही आत असतानाच.

आता फिनाईल. तो तीव्र वास आपल्या नाकाला झाकतो. कुत्र्याच्या नाकाला त्याखालची शू तशीच येते. मूत्रातल्या युरियापासून अमोनिया तयार होतो, म्हणून अमोनिया असलेलं क्लीनर तर त्याला तिथेच बोलावतं. ओल्या शूवर ब्लीच ओतू नका, त्यातून श्वासाला घातक वायू सुटतो. फिनॉल असलेली द्रावणं लादीवर ओली राहिली तर पंजांना लागून चाटण्यात जातात. लागतं ते एन्झाइमचं, म्हणजे शूतले वासाचे घटकच तोडणारं क्लीनर. आधी साध्या पाण्याने एक-दोनदा पुसून फिनाईलचा अंश काढा, नाहीतर एन्झाइम निकामी होतात. मग शू जिथवर मुरली असेल तिथवर भिजेल इतकं ओता: लाद्यांच्या सांधी, भिंतीच्या कडेची पट्टी, पलंगाच्या पायाखालचं लाकूड. फवारा मारून लगेच पुसलंत तर काहीच होत नाही. पंधरा मिनिटं ओलं राहू द्या, नंतर हवेवर वाळवा. जुने डाग अंधारात अतिनील टॉर्चने दिसतात, आणि सहसा वाटतात त्याच्या दुप्पट निघतात. कापसाच्या गादीत आतपर्यंत मुरली असेल तर ती गादी त्याच्या वाटेतून कायमची हलवा.

राहिला वेळेचा प्रश्न. ‘दर दोन तासांनी’ हे लहान पिल्लांसाठी होतं आणि ते मी स्पष्ट लिहायला हवं होतं. पिल्लाचं वय जितके महिने, त्यात एक मिळवा. तेवढे तास ही दिवसाची वरची मर्यादा. तीन महिन्यांच्या पिल्लाला चार तास, त्याहून जास्त नाहीच. लहान जातींना आणखी कमी. घरी नऊ तास कुणी नसेल तर पिल्लाला मधल्या वेळी कुणीतरी येऊन बाहेर न्यावंच लागतं, त्याला पर्याय नाही. तुमचा अकरा महिन्यांचा, निरोगी असेल तर सहा ते आठ तास धरू शकतो. त्याला उठल्याउठल्या, खाल्ल्यावर अर्ध्या तासाच्या आत, तुम्ही कामावरून आल्या क्षणी आणि झोपण्याआधी न्या. चपला काढण्याआधी न्या. जेवण दोन ठरलेल्या वेळी द्या आणि वीस मिनिटांनी भांडं उचला, म्हणजे शीची वेळही ठरते. पाणी तोडू नका.

एक वही करा. सात दिवस प्रत्येक वेळ लिहा: किती वाजता, कुठे, शू की शी, थारोळं की चमचाभर, आणि त्याआधी त्याने काय केलं होतं, झोपला, खाल्लं, खेळला. आठवड्यात मधेच एखादा दिवस बिघडेल, त्या दिवशी कमरेचा पट्टा कुणीतरी सोडलेला असतो बहुतेक वेळा, तेही लिहा. सात दिवसांनी ती पानं इथेच उतरवून टाका. दुपारची फेरी लागणार की नाही, आणि डॉक्टरांकडे जायचं की नाही, हे त्यातल्या वेळांवरून सांगता येईल.