‘वायर नाही, म्हणजे धोका नाही’: बॅटरीवरच्या स्क्रबरबद्दल फिरणाऱ्या सल्ल्याला उत्तर

साफसफाईचं काम बघणाऱ्यांच्या फोनवर एक मजकूर फिरतो आहे: ‘बॅटरीचा स्क्रबर ड्रायर पाच मिनिटांत शिका’. (स्क्रबर ड्रायर म्हणजे ब्रशने फरशी घासणारं आणि मागून घाण पाणी व्हॅक्यूमने ओढून घेणारं यंत्र.) मला तो तीन-चार जणांकडून आला. त्यातल्या एकाने खाली लिहिलं होतं, ‘उद्या आमच्या कामावरच्या मुलांना वाचून दाखवतो.’ ते वाचून हे लिहायला बसलो.

मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं. वायर नसल्यामुळे यंत्र पूर्ण सुरक्षित आहे. बॅटरी ठार उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नका. रात्री स्टोअरमध्ये यंत्र बंद करून चार्जिंगला सोडून द्या. केमिकल सढळ हाताने घाला. आधी झाडायची गरज नाही. मागे फरशी कोरडीच होत जाते, तेव्हा ‘फरशी ओली आहे’चा बोर्ड नको. आणि रॅम्पवर बिनधास्त न्या.

यातली बरीच वाक्यं मुळातून खोटी नाहीत, अडचण तीच आहे. त्यांच्यात थोडं खरं आहे आणि त्या थोड्याच्या जोरावर बाकीचं खपून जातं.

‘वायर नाही, म्हणजे शॉक नाही, म्हणजे धोका नाही.’

पहिला भाग मान्य. वायरवाल्या यंत्रात ओल्या फरशीवरून केबल ओढावी लागते, ती ब्रशखाली येते, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात येते. ते सगळं इथे वाचतं. ज्यांच्या मागून माणूस चालतो अशी बहुतेक यंत्रं २४ व्होल्टवर चालतात आणि कोरड्या हाताला २४ व्होल्ट जाणवतही नाहीत. पण व्होल्ट कमी म्हणजे ताकद कमी, हे डोक्यातून काढा. या बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर चुकून लोखंडी पाना आडवा पडला तर शेकडो, कधी हजारावर अँपिअर करंट वाहतो. पाना लालभडक होतो, शिसं वितळून उडतं. बोटात अंगठी असेल तर तीच पान्याचं काम करते. म्हणून बॅटऱ्या बसवताना अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवायचं, पान्याच्या दांड्याला इन्शुलेशन हवं, आणि जोडणी झाकणाच्या आत चिकटवलेल्या आकृतीप्रमाणेच करायची. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडायच्या असतात, म्हणजे एकीचं धन दुसरीच्या ऋणाला. एक जोड उलटा झाला तर यंत्राचा कंट्रोलर पहिल्या क्षणाला जातो. शिवाय अशी एक बॅटरी ३० किलोच्या आसपास भरते. ती एकट्याने वाकून आत सोडणं म्हणजे कंबर किंवा बोटं, दोन्हींपैकी एक द्यायची तयारी.

आणि चार्जर? तो घरच्या विजेवरच चालतो. वायर गेलेली नाही, ती चार्जिंगच्या कोपऱ्यात जाऊन बसली आहे.

‘रात्री स्टोअरमध्ये बंद करून चार्जिंगला सोडून द्या.’

मजकुरातलं सगळ्यात वाईट वाक्य हेच, म्हणून इथे जरा थांबतो.

पाणी घालायच्या लेड-ॲसिड (शिशाच्या प्लेटा आणि ॲसिडच्या) बॅटरीत चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यात आतल्या पाण्याचं विघटन होतं आणि हायड्रोजन व ऑक्सिजन बाहेर पडतात. कान लावला तर बुडबुड्यांचा आवाज येतो. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की एक ठिणगी पुरते. हिशोब करून बघा. बॅटरी भरल्यानंतरच्या जादा चार्जिंगमध्ये दर अँपिअर-तासाला (म्हणजे एक अँपिअर करंट तासभर दिला तर) बॅटरीतल्या प्रत्येक सेलमधून साधारण ०.४२ लिटर हायड्रोजन निघतो. २४ व्होल्टच्या संचात १२ सेल असतात, म्हणजे एका अँपिअर-तासाला जवळजवळ ५ लिटर. आता समजा झाकण खाली पाडलेलं आहे आणि बॅटरीच्या कप्प्यात ५० लिटर मोकळी जागा उरली आहे. ५० लिटरचे ४ टक्के म्हणजे २ लिटर. शेवटच्या टप्प्यात चार्जर ५ अँपिअर देत असेल, तर २ लिटर व्हायला पाच मिनिटंही लागत नाहीत. फटींमधून थोडा वायू निसटतो हे खरं, पण फटींच्या भरवशावर कुणी काम करत नाही.

म्हणून यंत्रांच्या बहुतेक पुस्तिकांत एकच गोष्ट ठळक अक्षरांत असते: चार्जिंगच्या वेळी झाकण किंवा वरची टाकी उचलून, आडणी लावून उघडी ठेवा, आणि जागा हवेशीर हवी. हायड्रोजन हवेपेक्षा खूप हलका, तो छताकडे जातो. खोलीला खालून हवा आत यायला आणि वरून बाहेर जायला वाट लागते. पडदा, पुठ्ठ्याची खोकी, थिनरचे डबे, बिडी-सिगारेट यांतलं काहीही जवळ नको. प्लग काढण्याआधी चार्जर बंद करायचा, कारण चालू करंटमध्ये प्लग ओढला की नेमक्या त्याच जागी ठिणगी पडते.

एका इमारतीत मी चार्जिंगची जागा पाहिली ती जिन्याखालच्या कपाटात. दाराला कुलूप, यंत्राचं झाकण खाली आणि झाकणावर वाळत घातलेले मॉप. तिथल्या सुपरवायझरला विचारलं तर म्हणाला, ‘चोरी होते हो.’ त्याचीही अडचण खरी. शेवटी दाराच्या वर आणि खाली जाळी बसवली, मॉप दुसरीकडे गेले. एवढंच काम होतं.

‘आमची जेल बॅटरी आहे, तिला गॅस होत नाही,’ असं कुणी म्हणेल. जेल (ॲसिड घट्ट केलेल्या) आणि एजीएम (ॲसिड काचतंतूंच्या गादीत शोषलेल्या) बंद बॅटरीत वायू आतल्या आत परत पाणी होतो, हे बरोबर. पण त्यांनाही व्हॉल्व्ह असतो, आणि चार्जर चुकीच्या सेटिंगवर असेल तर तो उघडतो. बऱ्याच यंत्रांतल्या चार्जरला पाणी घालायची बॅटरी आणि जेल बॅटरी असे वेगळे स्विच असतात. बॅटरी बदलणारा माणूस ते बदलायला विसरतो. जेल एकदा सुकली की तिच्यात पाणी घालून ती परत येत नाही. लिथियमचा संच नेहमीच्या चार्जिंगमध्ये वायू सोडत नाही, पण त्याला त्याचाच चार्जर लागतो. जुन्या यंत्राचा पडून असलेला चार्जर ‘प्लग बसतोय’ म्हणून लावायचा नाही.

पाणी घालण्याबद्दल मजकूर गप्प आहे, म्हणून मीच सांगतो. डिस्टिल्ड वॉटरच, नळाचं नाही, आणि ॲसिड तर कधीच नाही. घालायचं चार्जिंग झाल्यावर. आधी काठोकाठ भरलं तर चार्जिंगमध्ये पातळी वर चढते आणि ॲसिड बुचांतून बाहेर येऊन पत्रा खातं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच आधी, त्या बुडतील एवढंच. डोळ्याला गॉगल, हाताला रबरी मोजे. थेंब डोळ्यात गेलाच तर वाहत्या पाण्याखाली किमान १५ मिनिटं डोळा धरायचा आणि मग डॉक्टर.

‘बॅटरी ठार उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नका.’

हा सल्ला एके काळी दुसऱ्या बॅटरीसाठी होता. निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्यांना अर्ध्यावर चार्जिंग केल्याची ‘आठवण’ राहते असं सांगितलं जायचं, आणि त्यांच्या बाबतीत त्यात तथ्य होतं. गॅस्तों प्लाँते यांनी १८५९ मध्ये केलेली लेड-ॲसिड बॅटरी मात्र उलट्या स्वभावाची आहे. तिला रिकामं राहायला आवडत नाही. उतरलेल्या अवस्थेत प्लेटांवर लेड सल्फेट साचतं, ते दोन-चार दिवस तसंच राहिलं तर त्याचे खडे घट्ट होतात आणि पुढच्या चार्जिंगमध्ये विरघळत नाहीत. बॅटरीची कुवत तेवढी कायमची गेली. साधारण ८० टक्क्यांच्या पलीकडे उतरवू नये, असं बहुतेक बनवणारे सांगतात.

यंत्राला हे ठाऊक असतं. व्होल्टेज खाली आलं की ते आधी ब्रश बंद करतं. मग आपले हुशार लोक काय करतात? किल्ली बंद करतात, मिनिटभर थांबतात, परत चालू करतात. बॅटरी दम घेते, ब्रश पुन्हा फिरतो आणि उरलेला कॉरिडॉर होऊन जातो. ही युक्ती मला ज्याने अभिमानाने दाखवली त्याच्या यंत्राची बॅटरी नंतर पाऊण तासही टिकेना. ब्रश थांबला की काम संपलं, यंत्र सरळ चार्जिंगला.

पण याचा अर्थ चहाच्या सुट्टीत दहा मिनिटं, जेवणात वीस मिनिटं असं टोचत राहायचं असाही नाही. पाणी घालायच्या बॅटरीत चार्जिंग शेवटपर्यंत गेलं, बुडबुडे आले, तरच आतलं ॲसिड ढवळलं जातं. अर्धवट चार्जिंग करत राहिलं तर जड ॲसिड तळाशी बसतं आणि प्लेटा खालून झिजतात. कामाचा दिवस संपला की एकदाच लावायची आणि चार्जर स्वतः थांबेपर्यंत सोडायची. त्याला आठ ते बारा तास लागू शकतात, म्हणून रात्रभर चार्जिंग हे मजकुरातलं म्हणणं चूक नाही. चूक आहे ती कुलपाची आणि बंद झाकणाची.

‘केमिकल सढळ हाताने घाला.’

फेस ही या यंत्राची दुखरी नस आहे. घाण पाण्याच्या टाकीत एक फ्लोट असतो. पाणी वर आलं की तो उचलला जातो आणि हवा ओढायची वाट बंद करतो. फेसाला वजन नाही, फ्लोट जागचा हलत नाही, आणि फेस सरळ व्हॅक्यूम मोटरमध्ये. म्हणून कमी फेसाचंच केमिकल, तेही डब्यावर लिहिलेल्या मापाने. जास्त घातलं तर फरशीवर थर राहतो, तो चिकटतो आणि ओला झाला की बुटाखाली सटकतो.

याहून गंभीर गोष्ट वेगळी आहे. ब्लीच आणि ॲसिडचं क्लीनर एकत्र आलं तर क्लोरीन वायू होतो. ‘आम्ही थोडंच एकत्र करतो?’ तुम्ही नाही, घाण पाण्याची टाकी करते. सकाळी ब्लीच टाकून धुतलेली जागा यंत्राने ओढली आणि टाकी न धुता दुपारी ॲसिडवालं पाणी ओढलं की दोन्ही त्याच टाकीत भेटतात आणि व्हॅक्यूमची हवा तुमच्या तोंडापाशी बाहेर पडते. पेट्रोल, थिनर, स्पिरिट सांडलं असेल तिथे तर हे यंत्र न्यायचंच नाही. त्या वाफा कार्बन ब्रश (आतल्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) असलेल्या मोटरपर्यंत पोचतात आणि तिथे ठिणग्या सतत पडत असतात.

‘आधी झाडायची गरज नाही.’

आहे. दोरी ब्रशला गुंडाळते, स्टेपलची पिन स्क्वीजीच्या (यंत्रामागे पाणी गोळा करणाऱ्या पट्टीच्या) रबरात अडकते, प्लास्टिकचा तुकडा पाइप तुंबवतो. पुढे वाद घालण्यासारखं यात काही नाही.

‘मागे फरशी कोरडीच होते, बोर्ड नको.’

सरळ चालीत, नव्या रबराने, गुळगुळीत फरशीवर हे जवळजवळ खरं आहे. पण वळणावर स्क्वीजी बाहेर फेकली जाते आणि फरशीवर पाण्याची अर्धी कोर राहते. माणूस घसरतो तो नेमका तिथे, कारण बाकी सगळं कोरडं बघून त्याची चाल निर्धास्त झालेली असते. पूर्ण ओल्या फरशीवर तो निदान जपून चालतो. टाइलच्या सांध्यांत पाणी राहतं. रबराला खाच पडली असेल तर मागे एक लांब ओली रेघ येते. त्या रबराला चार कडा असतात, उलटसुलट फिरवून चारही वापरता येतात, आणि हे माहीत नसल्याने लोक एका कडेवर वर्ष काढतात. वळणाच्या थोडं आधी पाणी बंद करायचं. ओळ संपली तरी स्क्वीजी लगेच उचलायची नाही, दोन-तीन मीटर कोरडं चालून मग उचलायची. मागे यायचं असेल तर आधी स्क्वीजी वर, नाहीतर रबर उलटं मुडपून फाटतं.

तेलकट फरशीवर आम्ही दोनदा जातो. पहिल्या फेरीत स्क्वीजी वर ठेवून पाणी पाच-दहा मिनिटं फरशीवर राहू देतो, दुसऱ्या फेरीत ओढून घेतो. या मधल्या वेळात ती जागा म्हणजे साबणाचं तळं असतं. बोर्ड नाही म्हणता?

‘रॅम्पवर बिनधास्त न्या.’

पुस्तिकेत उताराचे अनेकदा दोन आकडे असतात: काम करताना किती आणि नुसतं नेताना किती. पहिला लहान असतो, कारण ओल्या फरशीवर चाकांची पकड कमी होते. टाकीत ५० लिटर पाणी म्हणजे ५० किलो जादा, वर ते हिंदकळतं. उतारावर आडवं वळायचं नाही, थांबवून सोडून जायचं नाही, आणि लिफ्टमध्ये नेताना यंत्र, पाणी आणि माणूस यांचं वजन एकत्र धरायचं.

राहिलं ते शीर्षकातलं ‘पाच मिनिटांत शिका’. पाच मिनिटांत बटणं कळतात. अशा व्यावसायिक यंत्रांसाठी आयईसी ६०३३५-२-७२ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि चालवणाऱ्याला यंत्राचं पुरेसं शिक्षण मिळालं पाहिजे ही सूचना पुस्तिकांत त्यामुळेच दिसते. नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी टाकीत नुसतं पाणी भरून रिकाम्या हॉलमध्ये सोडतो. इमर्जन्सी बटण कुठे आहे ते न बघता दाबायला लावतो, वळणं घ्यायला लावतो आणि मागे राहिलेल्या ओल्या कोरी त्याच्याकडूनच मोजून घेतो. दिवसाच्या शेवटी टाकी धुणं, झाकण उघडं ठेवणं, ब्रश फरशीवरून उचलून ठेवणं आणि घाण पाणी काढणं. पाणी काढताना पाइपचं तोंड आधी टाकीतल्या पातळीच्या वर धरायचं, मग बूच काढायचं, मग पाइप हळूहळू मोरीकडे न्यायचा. बूच आधी आणि पाइप खाली केलेली मुलं लगेच ओळखू येतात, त्यांचे बूट ओले असतात.