घड्याळात एसी

काल फक्त सेल बदलायला गेलो होतो. एवढंच. घड्याळ म्हणजे सिको एच५५८, ज्याला आमच्यासारखे येडे लोक 'आर्नी' म्हणतात, कारण ऐंशीच्या दशकात आरनॉल्ड श्वार्झनेगर हेच मनगटावर बांधून पडद्यावर माणसं उडवत फिरायचा. मॉडेल आलं १९८२ला, काटेही आणि डिजिटलही, वर अलार्म, स्टॉपवॉच, १५० मीटर पाण्यात चालणार. माझं जपानहून मागवलेलं, कस्टमवाल्यांनी किती उकळले ते घरी अजून सांगितलेलं नाही.

दुकानदाराने झाकण उघडलं, सेल टाकला, काटे फिरायला लागले आणि डिजिटलवर अर्धेमुर्धे चिन्ह-बिन्ह, कुठल्या लिपीत होते देव जाणे. मी म्हटलं, "अहो, एसी करावं लागेल." सेल टाकल्यावर आत एसी लिहिलेल्या जागेला चिमट्याने सेलच्या प्लसशी टेकवायचं, की मेमरी साफ होते, इतकं साधं आहे. पण शेजारच्या स्टुलावर एक काका बसले होते, त्यांचं काही काम दिसत नव्हतं, त्यांनी मान वर केली.

"घड्याळात एसी?"

"काका, तो एसी नाही, ऑल क्लिअर."

"काटे पण, आकडे पण, वर एसी पण! आणि यात ११ वाजलेत नि काटे सव्वाचार दाखवतायत, खरं कोण?"

म्हटलं, दोन्ही वेगवेगळं लावायचं असतं, म्हणजे एकावर आपली वेळ आणि दुसऱ्यावर परदेशातली ठेवता येते. "तुझं कोण आहे परदेशात?" कोणी नाही. हे मी का सांगितलं माहीत नाही.

मग एचएमटीवर गाडी आली, येणारच होती. लग्नात मिळालेली, रोज चावी देतात, आजवर एकदा सुद्धा एसी लागला नाही. मी चिडून म्हटलं, काका, एचएमटीचा घड्याळांचा कारखाना १९६१ला बेंगळुरूला निघाला तोच जपानच्या सिटिझनच्या मदतीने. काका शांतपणे म्हणाले, "मग त्यांनी चांगलं ते आम्हाला दिलं आणि उरलेलं तुला विकलं."

दुकानदार हसला. खरं तर मला राग त्याचाच आलाय. तीस वर्षं घड्याळं करतोय, मला शिकवू नका म्हणत चिमटा काही टेकवला नाहीच, "डिस्प्ले गेलाय साहेब, डुप्लिकेट असेल" असं वर सांगून दीडशे घेतले. डुप्लिकेट! ह्या लोकांना दहा मिनिटं गुगल करायला काय होतं? घरी येऊन मीच उघडलं, सेफ्टी पिन टेकवली, दोन सेकंदात सगळे आकडे आले.

पण त्याआधी दुकानातच मी मागचं झाकण बघितलं होतं. हत्यार सटकून ओरखडा गेलेला, नेमका सिरियल नंबरवरून. सिकोत पहिला आकडा वर्षाचा, दुसरा महिन्याचा, माझा ३७ने सुरू होतो, जुलै १९८३. चाळीस वर्षं धड राहिलेला तो ३ आता अर्धवट बंद झालाय. मी ते काकांना दाखवलं, कुणाला तरी दाखवायचंच होतं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, घड्याळ नाकाशी धरलं.

"आठच आहे की हा."